चाकं तीन

४ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.

आज मैदानावर अपघात झाला. कोणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. डॉक्टरबाईंचं विमान चाकं न काढता पोटावर उतरलं. धावपट्टीवरचं गवत सरळ रेषेत सोललं गेलं आहे. पंख्याची दोन्ही पाती आतल्या बाजूला वळली आहेत. बाई स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या, दहा पावलं चालल्या आणि गवतात बसून त्यांनी उगाचच एक बूट काढला.

माझं काम मी नेहमीप्रमाणे केलं. माझा या प्रकाराशी काही संबंध नाही.

रोजनिशी पुन्हा सुरू करायची हे जानेवारीपासून मनात होतंच. आजचा मुहूर्त लागला, एवढंच.

५ मार्च, मंगळवार. सकाळी ७.

झोप लागली नाही. चहा जास्त झाला असावा.

ही वही कोणी वाचणार नाही, तरी नीट लिहिलेलं बरं. आमचं मैदान लहान. गवताची एक पट्टी, पत्र्याची एक शेड आणि शेडच्या डोक्यावर माझी रेडिओची खोली. बावीस पायऱ्या. सहा खाजगी विमानं, सगळी चार माणसं मावतील एवढी. त्यांतल्या पाचांची चाकं कायमची खाली, खुर्चीच्या पायांसारखी. एकट्या डॉक्टरबाईंच्या विमानाची चाकं उडाल्यावर पोटात जातात आणि उतरताना लिव्हर ओढून बाहेर काढावी लागतात.

क्लबचे प्रमुख कॅप्टनसाहेब. फार वर्षांपूर्वी ते स्वतः असेच पोटावर उतरले होते. त्याला ते 'तो प्रसंग' म्हणतात, पुढे काही सांगत नाहीत. तेव्हापासून त्यांचा नियम आहे. उतरणाऱ्या प्रत्येक विमानाची चाकं रेडिओवाल्याने दुर्बिणीतून मोजायची आणि बटण दाबून सांगायचं, "चाकं तीन." पाच विमानांना ती असतातच, तरी सांगायचं. म्हणजे सवय राहते.

हे मी एकवीस वर्षं सांगतो आहे. फिटर मला 'तीनचाके' म्हणतो, आडनाव असल्यासारखं.

काल सांगितलं का? सांगितलं. अगदी स्पष्ट आवाजात.

दुपारी १.

आणि पाहिलं का? पाहिलं. निदान तोंड त्या दिशेला होतं. ऊन डोळ्यांवर आलेलं. त्यात दुर्बिणीची काच जुनी.

दुपारी ३.

ऊन पाठीमागे होतं. खिडकी उत्तरेला आहे. दुर्बीण खुंटीवर होती.

संध्याकाळी ७.

डोळे मिटलेले होते. हातात माळ होती. सकाळचं नाम घरी पुरं होत नाही, म्हणून उरलेलं खोलीत करतो. त्यात कोणाचं काय गेलं? शंभर मणी झाले होते, आठ राहिले होते. माळ अर्ध्यात सोडू नये असं आईने शिकवलं आहे. विमानाचा आवाज जवळ आला, डाव्या हाताने बटण दाबलं, "चाकं तीन" म्हणालो आणि पुढचा मणी ओढला.

म्हणजे हे सगळं देवाच्या कामात असताना झालं. उद्या कॅप्टनसाहेबांना सांगून टाकतो. पाच मिनिटांचं काम.

६ मार्च, बुधवार.

पोटाखाली हवेच्या पिशव्या घालून विमान उचललं. फिटरने आत हात घालून लिव्हर खाली केला. तिन्ही चाकं बाहेर आली. कुरकूर नाही, काही नाही. पाहुणे गेल्यावर एखाद्या हट्टी मुलाने नमस्कार करावा तशी.

फिटर म्हणाला, "यंत्रात खोट नाही. बाई विसरल्या, संपलं." मग वर खिडकीकडे बघून ओरडला, "काय तीनचाके, बाईंना सांगितलं नव्हतं का?" कॅप्टनसाहेबांनी परस्पर उत्तर दिलं, "ते चुकायचे नाहीत. एकवीस वर्षांत चुकले नाहीत." मी मान हलवली. कोणत्या वाक्याला हलवली, ते माझं मला माहीत.

एवढ्या माणसांसमोर सांगणं बरं दिसलं नसतं. उद्या एकटे गाठतो.

७ मार्च, गुरुवार.

कॅप्टनसाहेबांना सर्दी. आजारी माणसाला त्रास देऊ नये.

८ मार्च, शुक्रवार.

सर्दी बरी. पण आज ते खुशीत होते. बऱ्याच दिवसांनी खुशीत होते.

जेवताना ही म्हणाली, "भाजीत मीठ नाहीये आज. तुम्ही काही बोलला नाहीत." मी म्हणालो, असेल काहीतरी. ही म्हणाली, "घरात एक शब्द बोलायचा तर तुमचं बटण कुठे आहे, ते तरी दाखवून ठेवा."

बायकोला सांगावं का? नको. पहिला हक्क कॅप्टनसाहेबांचा. क्रम महत्त्वाचा.

९ मार्च, शनिवार. दुपारी.

डॉक्टरबाई मैदानावर आल्या. विमानाच्या पोटावरून हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या. कॅप्टनसाहेबांना म्हणाल्या, "चूक माझी. चाकं काढायला विसरले. लिहून देते." रेडिओचं नाव काढलं नाही. म्हणजे त्यांनी माझा आवाज ऐकलाच नसणार! इंजिनाचा आवाज केवढा असतो. ऐकलाच नाही, तर त्यामुळे चूक होणार कशी? माझा जीव भांड्यात पडला.

बाईंचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं. मी बावीस पायऱ्या उतरून खाली गेलो आणि त्यांना धीर दिला. म्हटलं, बाई, विसरणं हा एकाग्रतेचा प्रश्न असतो. मन भटकतं. हात एकीकडे, चित्त दुसरीकडे. माझंच बघा, मी रोज माळ ओढतो, त्यामुळे कामात लक्ष राहतं. तुम्हीही सुरू करा, लहान माळ मिळते. वीस मिनिटं तरी बोललो. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. एकदा तर त्या माझ्याकडे अशा टक लावून बघू लागल्या की वाटलं, शब्द आत पोचत आहेत.

शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय का, भाऊ?" मी म्हणालो, सध्या एवढं पुरे.

चांगलं काम केल्यासारखं वाटतं आहे.

९ मार्च. संध्याकाळी.

वाटत नाही.

१० मार्च, रविवार.

सुट्टी. वही समोर घेऊन बसलो आहे. एक गोष्ट अजून लिहिलेली नाही. दोन आहेत.

पहिली. नियमाप्रमाणे विमान टेकल्यावरही एक वाक्य म्हणायचं असतं, "छान टेकलात." त्या दिवशी खालून पत्रा फाटत गेल्यासारखा आवाज आला, खिडकीच्या काचा थरथरल्या. मी बटण दाबून म्हणालो, "छान टेकलात." मग डोळे उघडले.

दुसरी. उतरणाऱ्या विमानांची वही माझ्याकडे असते. वेळ, चाकं, टेकणं असे तीन रकाने. सकाळी काम कमी असतं, म्हणून दिवसभरात कोण कोण उतरणार ते बघून मी नऊ वाजताच भरून ठेवतो. वेळेचा रकाना तेवढा मोकळा सोडतो. ४ मार्चच्या ओळीत डॉक्टरबाईंच्या नावापुढे माझ्या सुबक अक्षरात लिहिलेलं आहे: चाकं, तीन. टेकणं, छान.

अक्षर खरंच सुबक आहे. गावच्या शाळेत अक्षराला पहिला नंबर होता.

११ मार्च, सोमवार.

दाढीचं ब्लेड खिशात घालून खोलीवर गेलो. अलगद खरवडलं तर शाई निघते. वही उघडली. ब्लेड नुसतं काढून पाहिलं. परत खिशात ठेवलं. हा माझ्या सचोटीचा पुरावा समजायला हरकत नाही.

खिसा कापला गेला. ही विचारत होती, कसा कापला. म्हटलं, खिळा.

१२ मार्च, मंगळवार. पहाटे.

माळ घेतली. दहाव्या मण्याला लक्षात आलं की ओठांवर देवाचं नाव नाही. "चाकं तीन, चाकं तीन" चाललं आहे. परत पहिल्यापासून धरली. तेच. तिसऱ्यांदा नाव नीट आलं. पण मग असं मनात आलं की इतकी वर्षं जे नाव घेतलं, ते तरी बघून घेतलं होतं का? का तेही सकाळी नऊ वाजता भरून ठेवलेलं?

हा विचार फार खोल आहे. सवडीने करावा.

डावी दाढ ठणकते आहे.

१४ मार्च, गुरुवार.

तोंडी सांगणं मला जमणार नाही असं दिसतं. कॅप्टनसाहेबांना पत्र लिहायचं ठरवलं. लिहिलं. सहा पानं झालं.

सुरुवात गावच्या शाळेपासून केली, कारण मुळाशी गेलं पाहिजे. आमची शाळा एका खोलीची. गुरुजी डोळे मिटून हजेरी घ्यायचे आणि आम्ही "हजर" म्हणायचो. एकदा मी तापाने फणफणलो होतो, घरी अंथरुणात होतो, आणि बरोबर सव्वादहाला झोपेत मोठ्याने "हजर" म्हणालो. आईने ते गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी अख्ख्या वर्गासमोर माझी पाठ थोपटली आणि एक पेन्सिल दिली. माझ्या आयुष्यातलं पहिलं बक्षीस ते. जिथे नव्हतो, तिथे हजर म्हटल्याबद्दल.

पत्र वाचून मलाच भरून आलं. अपघाताचा उल्लेख राहिला होता.

१५ मार्च, शुक्रवार.

दुसरं पत्र. दोन पानं. यात अपघात आहे, पण दोष दुर्बिणीकडे जातो आहे.

तिसरं पत्र. अर्धं पान. "घडल्या प्रकारात आपण सर्वांनीच थोडं आत्मपरीक्षण करावं." हे चांगलं आहे, पण कॅप्टनसाहेबांना वाटेल की मी त्यांना बोलतो आहे.

चौथं पत्र. "सा. न. वि. वि." इतकं लिहून थांबलो.

१६ मार्च, शनिवार.

शेडच्या फळीवर कागद लागला. डॉक्टरबाईंचं विमान विकणे आहे. दुरुस्तीसह.

फिटर सांगत होता, बाई म्हणाल्या, पुन्हा उडणार नाही. मग त्या डोंगरापलीकडच्या वस्तीचं काय? दर पंधरा दिवसांनी बाई तिथे दात बघायला जायच्या. विमानाने पस्तीस मिनिटं, रस्त्याने नऊ तास, आणि रस्ता अर्धं वर्ष बंद. तिथून फोन येतात. तिथल्या एका आजीबाईंना वरची कवळी मिळाली आहे. खालची त्या दिवशी विमानात होती. तशीच परत आली. बाई ती पोचवायलाच निघाल्या होत्या, ढग आले म्हणून अर्ध्या वाटेतून फिरल्या.

फिटर म्हणाला, "आजी आता अर्धंच चावते म्हणे." तो हसला. मीही हसलो. मग जिन्यात बसून राहिलो. अकराव्या पायरीवर.

आज मी फक्त पेज घेतली. दाढ दुखते म्हणून. दुसरं काही कारण नाही.

१८ मार्च, सोमवार.

चौकशीचे साहेब २२ तारखेला येणार आहेत. हे फार उत्तम झालं. देवानेच सोय केली. तोवर सांगायचं नाही. चौकशीत, सर्वांसमोर, उभं राहून सांगायचं. त्याला वजन असतं.

वाक्य तयार केलं: "साहेब, मी न पाहता सांगितलं." पाच शब्द. दिवसातून दहा वेळा म्हणायचा सराव करतो.

२१ मार्च, गुरुवार.

सराव फार चांगला झाला आहे. आता लक्ष न देताही म्हणता येतं.

२२ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.

झालं.

जसं घडलं तसं लिहितो. साहेब तरुण होते, सर्वांना "बसा बसा" म्हणत होते. मला विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?" मी उभा राहिलो. उभं राहायचं ठरलेलंच होतं. म्हणालो, "साहेब, विमान पाहिलं." ते म्हणाले, "ते झालंच. चाकं पाहिलीत?" मी म्हणालो, "आवाज मोठा होता." त्यांनी मला पाणी द्यायला सांगितलं.

मग वही मागवली. ४ मार्चची ओळ काढली. साहेब वाचून म्हणाले, "चाकं तीन? टेकणं छान? हे काय आहे?" फिटरला खोकल्याची उबळ आली. माझी पाच शब्दांची ओळ जिभेवर होती, शपथेवर सांगतो, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "ती माझ्या आधीच्या उतरण्याची नोंद असेल. ओळ चुकली असेल. होतं गडबडीत."

साहेबांनी वही मिटली. लिहिलं: चूक सर्वस्वी चालकाची. पुन्हा एकटं उडण्याआधी शिक्षकासोबत दहा वेळा उतरून दाखवणे. बाई म्हणाल्या, "त्याची गरज नाही. मी विमान विकते आहे."

जाताना माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, "गाल सुजलाय तुमचा. दवाखान्यात या."

संध्याकाळी ६.

बाईंना बिचाऱ्यांना खरंच वाटलं असेल की ओळ चुकली. त्या आधीच गोंधळलेल्या आहेत.

२३ मार्च, शनिवार.

लवंग ठेवली. मिठाच्या गुळण्या केल्या. दातांचे दुसरे डॉक्टर ऐंशी किलोमीटरवर आहेत. जाऊन येईन. बसचं वेळापत्रक बघून ठेवलं.

२४ मार्च, रविवार.

रविवारी बस नाही. ही म्हणाली, "गावात डॉक्टरबाई असताना ऐंशी किलोमीटर कशाला? त्यांचं काय वाकडं केलंय तुम्ही?"

मी ताट तसंच ठेवून उठलो.

२५ मार्च, सोमवार. दुपारी.

दवाखान्यात गेलो. जाताना ठरवून गेलो की खुर्चीत बसण्याआधी सांगायचं. बाईंनी दारातच सांगितलं, "बसा, आ करा." मी आ केला.

दोन कापसाचे बोळे, एक नळी, एक आरसा, इतकं तोंडात गेलं. वर दिवा. बाईंचा मास्क आणि दोन डोळे. त्या काम करत करत बोलू लागल्या. मधे मधे यंत्र चालायचं, तेव्हा थांबायच्या, मग तिथूनच पुढे.

म्हणाल्या, "हलू नका. मी तुमचा आवाज ऐकला होता, भाऊ. इंजिन उतरताना हळू असतं, तुमचं सगळं ऐकू येतं."

यंत्र.

"उतरताना चाकं वर असली की आमच्या विमानात भोंगा वाजतो. माझा भोंगा जुना आहे, उगाचही वाजतो. त्या दिवशी वाजला. मी लिव्हरकडे हात नेला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, चाकं तीन. मला वाटलं, म्हणजे मघाशीच काढली असणार, भोंगा आज पुन्हा बिघडला. हात मागे घेतला. एकीकडे यंत्र, दुसरीकडे रोज माळ ओढणारा माणूस. मी तुमचं ऐकलं."

मी काहीतरी म्हणालो. ते "आँ" असं बाहेर आलं.

"दुखतंय? बधिर केलंय, दुखायला नको. चूक माझीच, हं. लिव्हर माझ्या हाताशी होता, चाकांचा दिवा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी ते कागदावर लिहून दिलं, ते खोटं नाही. पण तुम्ही त्या दिवशी खाली आलात तेव्हा वाटलं, सांगायला आलात. आणि तुम्ही मला एकाग्रता शिकवलीत. वीस मिनिटं! खरं सांगते, तुमचा एखादा दात तिथेच उपटावासा वाटला होता. तेव्हा दुखत नव्हता, म्हणून राहिला."

यंत्र. बराच वेळ.

"विमान पोटावर गेलं म्हणून नाही विकत मी. पत्रा काय, बदलता येतो. पण डोंगरावरून ढगातून खाली यायचं, आणि खालून येणारा आवाज खरा की नुसता, हे कळणार नसेल, तर मी कशाच्या जोरावर उतरू? चौकशीत मी थांबले होते तुमच्यासाठी. तुम्ही बोलेनात, तेव्हा वहीचं मी सांगून टाकलं. एकवीस वर्षं काम केलेल्या माणसाला एका ओळीवरून जिन्याखाली आणलेलं मला बघवलं नसतं."

मग दाढ निघाली. त्यांनी ती ताटलीत टाकली, टण्ण आवाज आला. म्हणाल्या, "चूळ भरा. कापूस दाताखाली घट्ट धरा. दोन तास बोलू नका."

मी हात जोडले. डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टरबाई बाहेरच्या मदतनीस बाईंना म्हणाल्या, "पुढच्यांना पाठवा."

२५ मार्च. संध्याकाळी ५.

दोन तास झाले. अडीच झाले. आता बोलायला काही हरकत नाही.

प्रथमच अशी वेळ आली आहे की माझ्याकडे कारण नाही. वही चाळून पाहिली. जुनीही वापरून झाली आहेत.

२६ मार्च, मंगळवार.

कॅप्टनसाहेबांना सांगितलं. ते शेडमध्ये चहा पीत होते. सर्दी नव्हती, पण खुशीत होते. तरी सांगितलं. पाच शब्दांचं वाक्य एका बाजूच्या सुजलेल्या तोंडातून तीनदा म्हणावं लागलं, तेव्हा त्यांना कळलं. वहीचंही सांगितलं. "छान टेकलात" तेही.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "म्हणजे एकवीस वर्षं?" मी म्हणालो, "पहिली दोन वर्षं बघत होतो." ते म्हणाले, "अहो, मी रोज तुमच्या भरवशावर उतरतो!" त्यांना धीर यावा म्हणून मी म्हणालो, "साहेब, तुमच्या विमानाची चाकं कायमची खाली आहेत."

याने त्यांना धीर आला नाही.

ते उठून पट्टीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "त्या प्रसंगात माझ्यापाशी सांगणारं कोणी नव्हतं. असतं तर वाचलो असतो, असं मला इतकी वर्षं वाटत होतं." मग माझ्याकडून वही मागून घेतली.

मला घरी पाठवणार असं वाटलं होतं. पाठवलं नाही. ४ मार्चच्या ओळीखाली माझ्या अक्षरात खरं काय घडलं ते लिहायला लावलं. त्याची एक प्रत चौकशीच्या साहेबांना, एक डॉक्टरबाईंना. लिहिताना अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं.

घरी येऊन हिलाही सांगितलं. ही म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी. पण मला वाटलं, पैसे हरवले." मग माझ्या पानात साखर घातलेला दहीभात वाढला. लहान मुलाला वाढतात तसा.

२७ मार्च, बुधवार.

फळीवरचा कागद निघाला. शिक्षक म्हणून कॅप्टनसाहेब, त्यांच्यासोबत बाई दहा वेळा उतरणार आहेत. विमान दुरुस्त होईस्तोवर कॅप्टनसाहेबांच्या विमानातून. त्या खोलीकडे न बघता गेल्या. ठीक आहे. बघायला हवं ते मी.

संकल्प:
माळ घरी.
दुर्बीण गळ्यात, खुंटीवर नाही.
वही उतरल्यानंतरच भरायची.
डोळे उघडे.

मोठ्या अक्षरात लिहून खोलीत समोरच चिकटवले, म्हणजे सतत नजरेसमोर राहतील.

२८ मार्च, गुरुवार.

फिटर वर आला. म्हणाला, "तीनचाके, हा कागद खिडकीच्या काचेवर लावलाय. विमानं याच बाजूने येतात ना?"

काढून भिंतीवर लावला.

५ एप्रिल, शुक्रवार.

दहा वेळा उतरणं झालं. दहाही वेळा मी पाहिलं. चाकं कायमची खाली असलेलं विमान होतं, तरी पाहिलं. विमान मोठं होत येतं, आधी ठिपका, मग पंख, मग पोटाखाली बारीक पाय. एकवीस वर्षं माझ्यासमोर हे रोज चाललं होतं. फार सुंदर असतं.

परवा बाईंचं विमान तयार होतं आहे. सोमवारी त्या एकट्या डोंगरापलीकडे जाणार, आजीबाईंची खालची कवळी घेऊन. परत येताना त्यांना माझा आवाज हवा. खरा आवाज. या वेळी मी चुकणार नाही. आयुष्यात कुठल्याही गोष्टीची इतकी तयारी केलेली नाही.

८ एप्रिल, सोमवार. दुपारी ३.

बाई सकाळी गेल्या. आजींनी दोन्हीकडून चावून दाखवलं, असा तिथून फोन आला.

मी दीड वाजल्यापासून दुर्बीण डोळ्यांना लावून उभा होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी ठिपका दिसला. मग पंख. पोट गुळगुळीत होतं, त्यातून आधी एक दार उघडलं, मग दुसरं. डावं आलं. उजवं आलं. पुढचं जरा थांबून आलं. मी मोजली. पुन्हा मोजली. उलट मोजली. तीन. तिन्ही टायरांवरचे पट्टे दिसत होते. मला रडू आलं. दुर्बिणीची डोळ्यांकडची काच ओली झाली, ती पुसली, पुन्हा लावली, पुन्हा मोजली. तीनच होती. देवाचं नाव आपोआप तोंडात आलं, आणि या वेळी ते बघून आलं.

विमान गवताला असं टेकलं की नवीन रुजवलेलं गवतही मोडलं नसेल. पट्टीच्या टोकापर्यंत गेलं, वळलं, हळूहळू शेडकडे यायला लागलं.

तेव्हा रेडिओ खरखरला. बाईंचा आवाज. "वर कोणी आहे की नाही?"

मी टेबलाकडे पाहिलं. बटण जागच्या जागी होतं. दोन्ही हातांत दुर्बीण होती.

बटण दाबलं आणि म्हणालो, "हजर."

वहीत ओळ भरली. वेळ, दोन चौदा. चाकं, तीन. पाहिली. सांगितली नाहीत.